सुट्या भागाची किंमत

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरचें कपडे धुण्याचें यंत्र घरघर करूं लागलें. आठ वर्षे त्यानें मुकाट्यानें चाकरी केली होती. आतां मात्र कपडे पिळण्याची वेळ आली कीं पिठाच्या गिरणीसारखा आवाज होऊन खालच्या मजल्यावरील मंडळी चौकशीस येऊं लागली. कंपनीच्या माणसानें येऊन आंतला डबा हातानें फिरवून पाहिला आणि पिंपाच्या मागचें बेअरिंग गेलें आहे असें निदान केलें. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांचें एक कडें. ६२०५ या जगन्मान्य मापाचें तें कडें (आंतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२) कोणत्याहि बऱ्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन-तीनशें रुपयांस मिळतें. परंतु तें ज्या पिंपांत बसविलेलें असतें त्याचे दोन अर्धे भाग कारखान्यांतच तापवून एकमेकांस कायमचे जोडून टाकलेले होते. म्हणून बेअरिंग बदलावयाचें तर सबंध पिंपच बदलावयास पाहिजे. त्याचा खर्च मजुरी व कर धरून साडेअकरा हजार, आणि तसलेंच नवें यंत्र सव्वीस हजारांस. "एवढे पैसे घालण्यापेक्षां नवंच घ्या," असा सल्ला देऊन तो गृहस्थ पाहणीचे पैसे घेऊन निघून गेला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पण येथें कोंबडीहि त्यांचीच आणि मसालाहि त्यांचाच.

आम्हांस राग आला हें सांगावयास नकोच. पण राग निवळल्यावर जो प्रश्न उरला तो इतिहासाचा होता. तीनशें रुपयांच्या भागासाठीं सव्वीस हजारांची वस्तु टाकून देणें हेंच शहाणपणाचें ठरावें, अशी स्थिति केव्हांपासून व कशी आली? ज्याच्या घरीं एकहि बिघडलेली वस्तु माळ्यावर पडलेली नाहीं असा संसारी मनुष्य विरळा; तेव्हां या प्रश्नाचा वाचकांस कंटाळा येणार नाहीं अशी आशा आहे.

आपल्याकडील जुना संसार पाहिला तर 'सुटा भाग' ही वस्तुच त्यांत आढळत नाहीं. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांत पातेलीं, तपेलीं, घंगाळें, कळशा अशीं जीं तांब्यापितळेचीं भांडीं होतीं तीं सर्व दुरुस्तीच्या हिशेबानेंच घडविलेलीं होतीं. पितळेच्या भांड्यास आंतून कथलाचा पातळ लेप, म्हणजे कल्हई, लागे. ती झिजली कीं ताक, चिंच, कोकम असले आंबट पदार्थ धातूशीं भिडून कळकत, आणि मग कल्हईवाल्याची आरोळी केव्हां ऐकूं येते याची घरांतल्या बायका वाट पाहत. तो दारापुढें लहानसा खड्डा खणी, भाता लावी, भांडें तापवी, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानें कथील फिरवी, आणि त्या पांढऱ्या धुराचा वास गल्लीभर पसरे. भांडें चेपलें तर तांबट तें ठोकून सरळ करी. गळूं लागलें तर डाग देई. आणि अगदींच कामांतून गेलें तर तें मोडींत घालून नवें घेतां येई. त्या वेळीं दुकानदार धातूची किंमत निराळी आणि घडणावळ निराळी सांगत असे. मोडीचे पैसे वजा होऊन गिऱ्हाइकाच्या पदरीं घडणावळ व थोडी घट तेवढी पडे. या एका हिशेबांत जुन्या दुरुस्तीचें सारें अर्थशास्त्र आलें. धातु महाग आणि मनुष्याचा वेळ स्वस्त. म्हणून तीच वस्तु पुन्हा पुन्हा कारागिराच्या हाताखालीं घालणें परवडे. मात्र त्या हाताची मजुरी किती तुटपुंजी असे, आणि जन्मभर ठोकाठोक करून तांबटाच्या कानांचें काय होई, हें विसरून त्या काळाचे गोडवे गाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

युरोपांतहि यंत्रें आलीं तेव्हां आरंभीं हीच रीत होती. बंदुकीचा चाप मोडला तर लोहार त्या बंदुकीपुरता नवा तुकडा घडवी व कानशीनें घासून घासून बसवी. एका बंदुकीचा तुकडा दुसरीस बसत नसे. या रीतीविरुद्ध पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. थॉमस जेफरसन हा अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्यें असतां १७८५ सालीं होनोरे ब्लां या कारागिराचें काम पाहावयास गेला. ब्लांनें त्याच्यापुढें पन्नास चापांचे सुटे तुकडे खणाखणांतून मांडून ठेवले. जेफरसननें हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः कित्येक चाप जुळविले, आणि ते बिनचूक जुळले. ही हकीकत त्यानें लागलीच मायदेशीं लिहून कळविली. पुढें एली व्हिटनी यानें १७९८ सालीं दहा हजार बंदुकांचा मक्ता घेतला व १८०१ सालीं वॉशिंग्टन येथें मोठ्या लोकांपुढें तसाच प्रयोग करून दाखविला. व्हिटनीचें नांव शाळेच्या पुस्तकांत या शोधाचा जनक म्हणून आलें खरें; पण त्याच्या उरलेल्या बंदुका तपासल्या असतां त्यांचे भाग एकमेकांस बसत नाहींत असें दिसून आलें, आणि तो प्रयोग बराचसा सजविलेला असावा असें इतिहासकार आतां मानतात. खरें यश हार्पर्स फेरी येथें जॉन हॉल याच्या रायफलींत आणि त्यानंतर स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत मिळालें, व त्यास कित्येक दशकें लागलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सुटा भाग स्वस्त पडतो म्हणून जन्मास आला नाहीं. आरंभीं तो हाताच्या कामापेक्षां महागच पडे. सरकारास तो हवा होता याचें कारण एवढेंच, कीं रणांगणावर मोडलेली बंदूक तेथल्या तेथें दुसरीच्या तुकड्यानें नीट व्हावी. ज्या कल्पनेमुळें वस्तु फेकून देण्याइतक्या स्वस्त झाल्या, ती मुळांत दुरुस्तीच्याच गरजेंतून निघालेली आहे.

घरांत शिरलेलें पहिलें खरें यंत्र म्हणजे शिवणयंत्र. आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील होता, आणि आमच्या मतें त्या धंद्याचा खरा मेंदु तोच. १८५६ च्या सुमारास त्यानें यंत्र हप्त्यांनीं विकण्याची युक्ति काढली. जुनें यंत्र आणून दिल्यास नव्याच्या किंमतींत सूट देण्याची योजनाहि त्याचीच. आणि अशा रीतीनें आलेलीं जुनीं यंत्रें तो फोडून टाकीत असे. जुना माल बाजारांत फिरूं लागला तर नव्यास गिऱ्हाईक कोठून मिळणार? ही चाल आपल्याच काळाची आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें साल टिपून ठेवावें.

गंमत अशी कीं, या जगप्रसिद्ध यंत्राचे भाग पहिलीं तीस वर्षे एकमेकांस आपोआप बसत नसत. हातीं कानस घेतलेले कारागीर प्रत्येक यंत्राचे भाग घासून जुळवीत, आणि ते भाग कडक करण्यासाठीं भट्टींत घालण्यापूर्वीं त्यांवर यंत्राचा क्रमांक ठोकीत, म्हणजे एकाचे तुकडे दुसऱ्यांत मिसळूं नयेत. यंत्रें लाखांनीं खपूं लागल्यावर ही कानस कंपनीसच जड झाली. १८८५ सालीं स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें तिचा प्रचंड कारखाना सुरू झाला, त्या सुमारास भाग खऱ्या अर्थानें सुटे झाले. हिंदुस्थानांत या कंपनीचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाकडे होता, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत शिंप्यांच्या दुकानांत हें यंत्र दिसूं लागलें होतें. पुढें मूळ पेटंटांची मुदत सरली आणि घाट सर्वांचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनीं सिंगरच्या पंधरा नंबरी यंत्रावरून एक सामाईक नमुना ठरविला, तो अशा हेतूनें कीं एकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रास बसावा. आपल्याकडे कलकत्त्यास निघालेलीं उषा यंत्रेंहि पुष्कळशीं त्याच घराण्यांतलीं. याचा परिणाम आजहि कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं पाहावयास मिळतो. आजोबांच्या वेळचें काळें यंत्र घेऊन बसलेला शिंपी बॉबिन, बॉबिन केस, सुई, चामड्याचा पट्टा या वस्तु किरकोळ पैशांत आणतो व स्वतःच बसवितो. कंपनीच्या माणसाचें तोंड त्यास पाहावें लागत नाहीं. यंत्र शंभर वर्षे टिकलें यांत पोलादाचा गुण आहेच, पण भागाचा घाट कोणाच्या मालकीचा उरला नाहीं हा गुण आमच्या मतें त्याहून मोठा.

वस्तूबरोबर ती दुरुस्त करण्याचा हक्कहि विकत मिळतो काय, हा वाद न्यायालयांत फार लौकर गेला. लांकूड रंधण्याच्या वुडवर्थ यंत्राचीं पातीं दोन-तीन महिन्यांत झिजत, आणि यंत्र मात्र वर्षानुवर्षे चाले. पातें बदलणें म्हणजे परवानगीवांचून नवें यंत्र करणें होय, असा पेटंटवाल्यांचा दावा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५० सालीं तो फेटाळला व पातें बदलणें ही दुरुस्तीच होय असें ठरविलें. इंग्लंडांत १९८६ सालीं मोटारीच्या धुराड्याच्या नळीवरून असाच खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. नळीच्या आराखड्यावरील हक्क पुढें करून मोटार कंपनीस दुसऱ्यांच्या नळ्या बंद पाडावयाच्या होत्या. मोटारीच्या मालकास ती दुरुस्त ठेवण्याचा हक्क आहे या मुद्द्यावर तिला अपयश आलें. पण तेवढ्यानें वाद मिटला असें नाहीं. छपाईयंत्राच्या शाईच्या डबीस हेंच तत्त्व लावण्यास प्रिव्ही कौन्सिलनें १९९७ सालीं नकार दिला, आणि ज्यांच्या घरीं असलें यंत्र आहे त्यांस त्या डबीची किंमत आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं.

येथवरच्या विवेचनावरून सर्व कारखानदार लबाड आहेत असा समज वाचकांनीं करून घेऊं नये. कांहीं वस्तु बंद केल्यामुळेंच चांगल्या झाल्या. घरगुती शीतकपाटांत पूर्वीं मोटर बाहेर असे व तिचा दांडा दाबयंत्रांत शिरे. त्या शिरण्याच्या जागेंतून सल्फर डायॉक्साइडसारखा विषारी वायु गळे आणि दुरुस्तीचें काम अखंड चाले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९२७ सालीं मोटर आणि दाबयंत्र दोन्हीं एकाच पोलादी कवचांत बंद करून वर ठेवलेलें कपाट बाजारांत आणलें. कवच उघडतां येईना. पण उघडण्याची गरजहि क्वचितच पडे, आणि त्यांतलीं कांहीं कपाटें पाऊणशें वर्षांनंतरहि चालूं असल्याचें पाहिलेले लोक आहेत. उलट रेडिओचे दिवे, ज्यांस व्हॉल्व्ह म्हणत, ते जाणार हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें खोबणींत नुसते खोंचलेले असत. घरधनी ते काढून दुकानांत तपासून आणी. ट्रान्झिस्टर आले ते वर्षानुवर्षे टिकणारे, म्हणून ते पाटीवर झाळून टाकले. यांत वावगें असें कांहीं नव्हतें. वावगें पुढें झालें, तें असें कीं जो भाग झिजणार हें निश्चित आहे तोहि न झिजणाऱ्या भागांबरोबर झाळला जाऊं लागला. आमच्या पिंपांतलें बेअरिंग या वर्गांतलें.

या विषयावर लिहिणारे दिव्यांच्या कारखानदारांच्या कटाची कथा सांगितल्यावांचून राहत नाहींत, तेव्हां तीहि सांगून मोकळे होऊं. १९२४ सालीं जिनीव्हा येथें ओसराम, फिलिप्स इत्यादि कारखान्यांनीं फीबस नांवाचा संघ केला व विजेच्या दिव्याचें आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवलें. ज्याचे दिवे अधिक जगतील त्यास दंड. गोष्ट खरी आहे. परंतु तार जास्त टिकविली तर त्याच विजेंत उजेड कमी पडतो, म्हणून हजार तास ही मर्यादा अगदींच अवाजवी नव्हती असें ब्रिटिश सरकारच्या चौकशी मंडळानें १९५१ सालीं म्हटलें, हेंहि तितकेंच खरें. शिवाय दिवा ही दुरुस्त करण्याची वस्तुच नव्हे. कट हुडकीत बसल्यानें इतिहास चमचमीत होतो खरा. पण आमच्या पिंपाचा उलगडा त्यानें होत नाहीं.

तो उलगडा कांहींसा आपल्याच स्वयंपाकघरांत सांपडतो. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट यानें १८९२ सालीं काढलेला प्रायमस स्टोव्ह विसाव्या शतकांत महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. त्याचें सारें दुखणें तीन-चार भागांत असे: पंपाचा चामडी वॉशर, निपल, बर्नर, आणि छिद्र मोकळें करण्याची पिन. पिन तर वाण्याकडे मिळे. वॉशर वाळला तर तेलांत भिजवून पुन्हा बसवीत. आणि अधिक बिघाड झाल्यास स्टोव्ह दुरुस्त करणारा दारावरून ओरडत जाई. स्टोव्हचे भडके उडून किती बायका भाजल्या हें विसरतां येत नाहीं, पण दुरुस्तीपुरतें बोलावयाचें तर इतकें सुलभ यंत्र पुन्हा झालें नाहीं. त्यामागोमाग मिक्सर आला, आणि त्याची जन्मकथा तर सुट्या भागाच्या अभावाचीच कथा आहे. १९६३ च्या सुमारास मुंबईंत माधुरी माथुर यांच्याकडील जर्मन बनावटीच्या मिक्सरची मोटर जळाली. येथें ती दुरुस्त होण्याची सोय नव्हती. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर हे इंजिनियर. त्यांनीं आपल्याकडील हळकुंडें, डाळी व सुकें खोबरें यांस पुरून उरेल अशी दणकट मोटर तयार केली, आणि त्यांतून पुढें सुमीत मिक्सर निघाला. परदेशांत तें यंत्र दूध-फळें घुसळण्याच्या हिशेबानें केलेलें. त्यास आमची चटणी झेपली नाहीं. मिक्सरचें रबरी कपलर, कार्बन ब्रश आणि पातें हीं आजहि भांड्यांच्या दुकानांत खुंटीस टांगलेलीं दिसतात, व पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लोहार चाळींत तर ढिगांनीं मिळतात.

आतां सुटा भाग महाग कां, याचा हिशेब. कारखान्यांत एक पिंप तयार करण्यास जो खर्च येतो तो अल्प असतो. पण तेंच पिंप सुटें विकावयाचें म्हणजे वर्षानुवर्षे कोठारांत ठेवणें, त्याची नोंद ठेवणें, एकेक बांधून दूरच्या गांवीं धाडणें, आणि शेवटीं न खपलेलीं पिंपें भंगारांत घालणें हें सर्व आलें. जोडणीच्या रांगेंत जें काम मिनिटांत होतें त्यास घरीं येऊन करणाऱ्यास अर्धा दिवस लागतो, आणि त्याचा अर्धा दिवस पूर्वींच्या कल्हईवाल्याइतका स्वस्त राहिलेला नाहीं. ही गोष्ट आम्ही वाईट मानीत नाहीं. तांबटाच्या नातवास पोटभर मजुरी मिळाली यांत दुःख कसलें? धातु महाग व हात स्वस्त हा जुना हिशेब उलटला, एवढ्यानें निम्मी महागाई समजून येते. उरलेल्या निम्म्याचें कारण मात्र निराळें. ६२०५ बेअरिंग शंभर कारखाने करतात, म्हणून तें तीनशें रुपयांस मिळतें. तेंच पिंपांत बंद केलें कीं विकणारा एकच उरतो, आणि किंमत खर्चावरून न ठरतां गिऱ्हाइकाच्या अडचणीवरून ठरते.

युरोपांतील सरकारांनीं या दुसऱ्या कारणावर हात घातला आहे. १ मार्च २०२१ पासून युरोपीय संघांत कपडे धुण्याच्या यंत्राचे ठराविक भाग, त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरहि दहा वर्षेपर्यंत पुरविण्याचें बंधन उत्पादकांवर आलें, व मागणी आल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत भाग धाडला पाहिजे असें ठरलें. आम्हीं त्या नियमाची यादी उत्सुकतेनें चाळली. बेअरिंग तींत आहे. पण पिंपांतल्या डब्याबरोबर एकत्र किंवा निराळें, कसेंहि विकावें, अशी मुभा त्याच ओळींत दिलेली आहे! फ्रान्सनें २०२१ च्या जानेवारीपासून वस्तूवर दुरुस्तीयोग्यतेचे दहांपैकीं गुण छापणें सक्तीचें केलें, आणि त्यांत सुट्या भागाची किंमत मूळ वस्तूच्या मानानें किती, यास स्वतंत्र गुण ठेवले; धुण्याच्या यंत्रांपुरती त्याची जागा २०२५ सालीं टिकाऊपणाच्या गुणांकानें घेतली. २०२४ सालच्या युरोपीय निर्देशांत भागाची किंमत दुरुस्तीपासून परावृत्त करणारी नसावी असें तत्त्व घातलें गेलें, व तो अमलांत येण्यासाठीं ३१ जुलै २०२६ ही तारीख नेमली गेली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानें २०२२ च्या जुलैंत याच कामीं समिति नेमली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणीं देणारें संकेतस्थळ उघडलें. माहिती आणि सक्ति यांतलें अंतर मात्र तेवढ्यानें भरून निघालें नाहीं.

आमच्या यंत्राचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. नाक्यावरच्या गाळ्यांत पंखे व मिक्सर दुरुस्त करणारा एक तरुण आहे. पिंप कायमचें जोडलेलें आहे, असें आम्हीं त्यास बजावून सांगितलें. "काका, करवतीनं कापू की. त्यात काय!" असें म्हणून तो यंत्र हातगाडीवर घालून घेऊन गेला. त्यानें सांध्यावरून पिंप कापलें, दोन बेअरिंगें व एक तेलाचें सील नवें घातलें, कडेनें भोकें पाडून बावीस स्क्रू पिळले, सांधा सिलिकोननें भरून एक रात्र सुकूं दिला, आणि तिसऱ्या दिवशीं यंत्र परत आणलें. एकंदर बिल अठ्ठावीसशें रुपये झालें, त्यांत हातगाडीचे दीडशें धरून. घरघर थांबली आहे. पिळतांना स्क्रूंच्या एका बाजूनें थेंब थेंब पाणी येतें. दिवाळीनंतर येऊन तो स्क्रू पुन्हा आवळून देतों, असें तो म्हणाला आहे.